छेदणाऱ्या रेषा आणि त्यांचे कोन : एका मापातून बाकीची मापे

कागदावर पट्टीने एक फुली मारली की दोन रेषा एका बिंदूत छेदतात आणि चार कोन तयार होतात. या चारपैकी कोणताही एक कोन मोजला, तर उरलेले तीन मोजावे लागत नाहीत. ते आकडेमोडीने मिळतात आणि कोनमापकाने मोजलेल्या मापांपेक्षा जास्त भरवशाचे असतात. कोनमापकावर एक कोन ६४° आणि त्याच्या समोरचा ६३° दिसला, तर चूक मोजणाऱ्याची किंवा साधनाची असते. ते दोन कोन वेगळे असूच शकत नाहीत.

हे असे का, हाच या लेखाचा विषय आहे. दोन रेषांच्या फुलीपासून सुरुवात करून दोन समांतर रेषा आणि त्यांना छेदणारी तिसरी रेषा इथपर्यंतचे नियम यात क्रमाने दिले आहेत. यातला कोणता नियम कशावर उभा आहे, हेही प्रत्येक ठिकाणी सांगितले आहे. शाळेत हे नियम एकाच यादीत पाठ केले जातात, पण त्यांचा पाया एकच नाही.

आधी काही शब्द

एका बिंदूपासून निघणाऱ्या दोन किरणांमुळे कोन तयार होतो. तो बिंदू म्हणजे कोनाचा शिरोबिंदू आणि ते किरण म्हणजे कोनाच्या भुजा. ९०° माप असलेला कोन काटकोन, त्याहून लहान तो लघुकोन, ९०° आणि १८०° यांच्यामधला तो विशालकोन. एकाच बिंदूपासून निघून नेमक्या उलट दिशांना जाणाऱ्या दोन किरणांना विरुद्ध किरण म्हणतात. ते मिळून एक सरळ रेषा होते आणि त्यांच्यातील कोन १८०° असतो. याला सरळ कोन म्हणतात.

शिरोबिंदू एकच, एक भुजा सामाईक आणि कोनांचे आतले भाग मात्र वेगळे असतील, तर ते संलग्न कोन. दोन कोनांच्या मापांची बेरीज ९०° असेल तर ते परस्परांचे कोटिकोन आणि १८०° असेल तर पूरक कोन. कोटिकोन किंवा पूरक कोन शेजारी असावे लागत नाहीत. वहीच्या एका पानावर ७०° चा आणि दुसऱ्या पानावर ११०° चा कोन काढला, तरी ते पूरकच आहेत.

रेषीय जोडी

एखाद्या रेषेवरील बिंदूतून एक किरण काढला की त्याच्या दोन बाजूंना दोन संलग्न कोन तयार होतात. त्यांच्या सामाईक नसलेल्या भुजा विरुद्ध किरण असतात. अशा कोनांना रेषीय जोडीतील कोन म्हणतात आणि त्यांच्या मापांची बेरीज नेहमी १८०° असते. सरळ कोनाचेच दोन तुकडे झालेले असल्यामुळे तुकड्यांची बेरीज मूळ कोनाएवढी भरते, एवढेच याचे कारण. पुढचे सगळे नियम या साध्या गोष्टीतून सुरू होतात.

रेषीय जोडीतील दोन्ही कोन समान असतील, तर प्रत्येक कोन १८० च्या निम्मा, म्हणजे ९०° असतो. युक्लिडने आपल्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथात काटकोनाची व्याख्या अशीच केली आहे. त्यात अंशांचा उल्लेखच नाही. एक रेषा दुसऱ्या रेषेवर उभी राहून शेजारचे दोन्ही कोन समान करत असेल, तर त्यातला प्रत्येक कोन काटकोन.

सुतार आणि गवंडी काटकोनासाठी गुण्या वापरतात. तो गुण्याच बिघडला आहे का, हे तपासण्याची पद्धत याच व्याख्येवर चालते. फळीच्या सरळ कडेला गुण्या टेकवून एक रेघ मारायची. मग गुण्या पलटी करून त्याच बिंदूपाशी दुसरी रेघ मारायची. दोन्ही रेघा एकमेकींवर आल्या तर गुण्या बरोबर. तो ८९° चा झाला असेल, तर दोन्ही बाजूंचे मिळून १७८° होतात आणि रेघांमध्ये २° ची फट राहते. म्हणजे चूक दुप्पट होऊन दिसते. ३० सेंटिमीटर लांबीच्या रेघांच्या टोकांशी ही फट सुमारे एक सेंटिमीटर भरते. ती डोळ्यांना सहज दिसते, कोनमापकाची गरज पडत नाही.

विरुद्ध कोन

आता फुलीकडे परत. चार कोनांना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने १, २, ३, ४ असे क्रमांक द्यावेत. शेजारशेजारचे कोन (१ आणि २, २ आणि ३, ३ आणि ४, ४ आणि १) रेषीय जोडीत आहेत. समोरासमोरचे कोन, म्हणजे १ आणि ३ तसेच २ आणि ४, यांना विरुद्ध कोन म्हणतात. एका विरुद्ध कोनाच्या भुजा दुसऱ्याच्या भुजांचे विरुद्ध किरण असतात.

विरुद्ध कोन समान असतात. सिद्धता दोनच पायऱ्यांची आहे.

- कोन १ आणि कोन २ रेषीय जोडीत आहेत, म्हणून त्यांची बेरीज १८०°.
- कोन २ आणि कोन ३ रेषीय जोडीत आहेत, म्हणून त्यांचीही बेरीज १८०°.

दोन्ही बेरजा सारख्या आहेत आणि दोन्हींत कोन २ आहे. तो वजा केला की कोन १ = कोन ३ उरते. याच रीतीने कोन २ = कोन ४ मिळते. एक कोन ६४° असेल, तर समोरचा ६४° आणि उरलेले दोन्ही ११६°. फुलीतला एक कोन काटकोन असेल, तर चारही काटकोन असतात.

या सिद्धतेत कोणत्याही विशिष्ट मापाचा उपयोग केलेला नाही, त्यामुळे ती प्रत्येक फुलीला लागू पडते. शंभर फुल्या मोजून पाहिल्या तरी एकशे एकाव्या फुलीबद्दल खात्री देता येत नाही. दोन ओळींची सिद्धता ती देते. कात्री उघडताना पात्यांमधील कोन आणि मुठींच्या दांड्यांमधील कोन बरोबरीने वाढतात, ते याच नियमामुळे.

हा गुणधर्म प्रथम ग्रीक विचारवंत थेल्सच्या लक्षात आला, असे युडेमसच्या आधाराने प्रॉक्लसने पाचव्या शतकात लिहून ठेवले आहे. थेल्सचा काळ इ.स.पू. सहावे शतक. पद्धतशीर सिद्धता मात्र युक्लिडने दिली, असेही प्रॉक्लस सांगतो. ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या भागातील तेरावे प्रमेय रेषीय जोडीचे आणि पंधरावे विरुद्ध कोनांचे आहे. अठराव्या शतकात सवाई जयसिंहांच्या आश्रयाखाली सम्राट जगन्नाथ यांनी नसीरुद्दीन तुसीच्या अरबी आवृत्तीवरून हा ग्रंथ ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणला.

छेदिका आणि आठ कोन

एखादी रेषा दोन रेषांना दोन वेगवेगळ्या बिंदूंत छेदते, तेव्हा तिला छेदिका म्हणतात. दोन छेदनबिंदूंवर चार-चार, असे आठ कोन तयार होतात. समजा, दोन आडव्या रेषांना एक तिरकी छेदिका वरून खाली छेदते. वरच्या बिंदूपाशी डावीकडील वरच्या कोनापासून घड्याळाच्या दिशेने १, २, ३, ४ आणि खालच्या बिंदूपाशी त्याच क्रमाने ५, ६, ७, ८ असे क्रमांक दिले, तर जोड्या अशा लागतात.

- संगत कोन : दोन्ही बिंदूंवर एकाच जागी असलेले कोन. १ आणि ५, २ आणि ६, ३ आणि ७, ४ आणि ८.
- आंतरव्युत्क्रम कोन : दोन रेषांच्या मधले, पण छेदिकेच्या विरुद्ध बाजूंचे. ३ आणि ५, ४ आणि ६.
- बाह्यव्युत्क्रम कोन : दोन रेषांच्या बाहेरचे आणि छेदिकेच्या विरुद्ध बाजूंचे. १ आणि ७, २ आणि ८.
- आंतरकोन : दोन रेषांच्या मधले आणि छेदिकेच्या एकाच बाजूचे. ४ आणि ५, ३ आणि ६.

ही सगळी नावे फक्त जागा सांगतात. दोन रेषा कशाही असल्या तरी संगत कोन हे संगत कोनच असतात, पण तेवढ्याने ते समान ठरत नाहीत.

रेषा समांतर असतील तर

दोन रेषा समांतर असतील, तर संगत कोन समान असतात, आंतरव्युत्क्रम कोन समान असतात, बाह्यव्युत्क्रम कोन समान असतात आणि आंतरकोनांची बेरीज १८०° होते.

हे चार नियम स्वतंत्रपणे पाठ करण्याची गरज नाही. संगत कोनांचा एक नियम मान्य केला की बाकीचे फुलीच्या नियमांतून निघतात. उदाहरणार्थ, कोन १ = कोन ५ (संगत) आणि कोन १ = कोन ३ (विरुद्ध), म्हणून कोन ३ = कोन ५, हा झाला आंतरव्युत्क्रम कोनांचा नियम. कोन ३ आणि ४ रेषीय जोडीत आहेत, म्हणून कोन ४ आणि ५ यांची बेरीज १८०°, हा झाला आंतरकोनांचा नियम. परिणामी आठ कोनांची मापे दोनच उरतात. एक कोन ११५° असेल, तर चार कोन ११५° चे आणि चार ६५° चे.

उलट नियम : समांतर आहेत हे कसे ओळखावे

रेषा अमर्याद असतात, त्यामुळे त्या कुठेच मिळत नाहीत हे पाहून खात्री करता येत नाही. कोनांवरून ती करता येते. आंतरव्युत्क्रम कोनांची एक जोडी समान असेल, तर त्या दोन रेषा समांतर असतात.

याचे कारण असे. दोन छेदनबिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडाच्या मध्यबिंदूभोवती सगळी आकृती १८०° फिरवली, तर आंतरव्युत्क्रम कोन समान असल्यामुळे आकृती जशीच्या तशी स्वतःवर बसते. वरची रेषा खालच्या जागी येते, खालची वरच्या जागी. आता त्या दोन रेषा उजवीकडे कुठे तरी मिळतात असे मानले, तर फिरवलेल्या आकृतीत त्या डावीकडेही मिळाल्या पाहिजेत. पण दोन वेगळ्या सरळ रेषा दोन बिंदूंत छेदू शकत नाहीत. म्हणून त्या कुठेच मिळत नाहीत.

घडीच्या टेबलाचे पाय फुलीसारखे असतात. दोन्ही पाय सारख्या लांबीचे आणि खिळा बरोबर मध्यावर असेल, तर खिळ्याच्या वर आणि खाली एकेक समद्विभुज त्रिकोण तयार होतो. खिळ्यापाशी त्यांचे कोन विरुद्ध कोन म्हणून समान, त्यामुळे पायथ्याचे कोनही समान. हे पायथ्याचे कोन म्हणजे टेबलाचा माथा, जमीन आणि छेदिका झालेला पाय यांचे आंतरव्युत्क्रम कोन आहेत. त्यामुळे टेबल उंच करा किंवा खाली घ्या, माथा जमिनीला समांतरच राहतो. खिळा एका पायाच्या मध्यापासून सरकला, की माथा कलतो.

सावलीवरून पृथ्वीचा घेर

व्युत्क्रम कोनांच्या नियमाचा सर्वांत प्रसिद्ध वापर इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील एरॅटोस्थेनीसने केला. दक्षिण इजिप्तमधील सायीन (आजचे आस्वान) येथे सर्वांत मोठ्या दिवशी मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर असतो, हे त्याला माहीत होते. त्याच वेळी उत्तरेकडील अलेक्झांड्रियात मात्र सूर्यकिरण उभ्या दिशेशी वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा, म्हणजे ७.२° चा कोन करत होते.

सूर्य फार दूर असल्यामुळे दोन्ही ठिकाणी येणारे किरण समांतर मानता येतात. अलेक्झांड्रियाची उभी दिशा खाली वाढवत नेली की ती पृथ्वीच्या केंद्रातून जाते. ही झाली छेदिका. सायीनचा किरणही वाढवल्यावर केंद्रातूनच जातो. म्हणून सावलीचा कोन आणि दोन शहरांनी पृथ्वीच्या केंद्राशी केलेला कोन हे समांतर रेषांचे व्युत्क्रम कोन होतात. ते समान, म्हणजे केंद्राशीही ७.२°. दोन शहरांमधले अंतर पाच हजार स्टेडिया धरले जात असे. ते घेराचा पन्नासावा भाग, म्हणून घेर अडीच लाख स्टेडिया. स्टेडियाच्या नेमक्या लांबीबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण रीत निर्दोष आहे. पृथ्वीच्या केंद्राशी असलेला, कुणालाही मोजता न येणारा कोन त्याने जमिनीवर उभे राहून मोजला.

हाच प्रयोग आजही करता येतो. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे येथे दर वर्षी दोनदा शून्य सावलीचा दिवस येतो. त्यांपैकी पहिला मे महिन्यात असतो. मुंबई सुमारे १९° उत्तर अक्षांशावर आहे आणि अहमदाबाद जवळजवळ सरळ उत्तरेला, सुमारे २३° वर. मुंबईत काठीची सावली नाहीशी होते त्या दिवशी अहमदाबादेत मध्यान्हीला एक मीटर उंचीच्या काठीची सुमारे ७ सेंटिमीटर सावली पडते. म्हणजे सावलीचा कोन सुमारे ४°. दोन शहरांतले सरळ अंतर सुमारे ४४० किलोमीटर आहे. ३६० मध्ये ४ नव्वद वेळा जातो, म्हणून घेर ४४० च्या नव्वद पट, सुमारे ३९,६०० किलोमीटर. पृथ्वीचा खरा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे.

त्रिकोणाचे १८०°

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८०° का, याचे उत्तरही इथेच मिळते. त्रिकोणाच्या वरच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढावी. पायाजवळचे दोन कोन व्युत्क्रम कोनांच्या रूपाने या वरच्या रेषेवर येऊन बसतात, शिरोबिंदूच्या कोनाच्या डाव्या-उजव्या बाजूंना. तिन्ही मिळून सरळ कोन होतो.

पाया कुठे बदलतो

विरुद्ध कोनांचा नियम सिद्ध करायला सरळ कोन पुरला. समांतर रेषांच्या नियमाला मात्र एक जास्तीची गोष्ट गृहीत धरावी लागते. रेषेबाहेरील बिंदूतून त्या रेषेला एक आणि एकच समांतर रेषा काढता येते, ती ही गोष्ट. या स्वरूपात ती जॉन प्लेफेअरच्या १७९५ च्या पुस्तकामुळे रूढ झाली. युक्लिडचे पाचवे गृहीतक हीच गोष्ट आंतरकोनांच्या भाषेत सांगते. एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी असेल, तर रेषा त्या बाजूला मिळतात. युक्लिडने हे गृहीतक अठ्ठाविसाव्या प्रमेयापर्यंत वापरले नाही. समांतर रेषांचे व्युत्क्रम कोन समान असतात, हे सांगणाऱ्या एकोणतिसाव्या प्रमेयात ते प्रथम लागते.

हे गृहीतक बाकीच्यांवरून सिद्ध करण्याचे प्रयत्न सुमारे दोन हजार वर्षे चालले. १८२९ मध्ये रशियाच्या निकोलाय लोबाचेव्हस्कीने आणि १८३२ मध्ये हंगेरीच्या यानोश बोल्यायने स्वतंत्रपणे दाखवले, की ते नाकारूनही सुसंगत भूमिती उभी राहते. त्या भूमितीत विरुद्ध कोन समानच असतात, पण एका बिंदूतून अनेक समांतर रेषा जातात आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०° पेक्षा कमी भरते.

याहून वेगळे उदाहरण पृथ्वीच्या गोलावर दिसते. दोन रेखावृत्ते विषुववृत्ताला काटकोनात छेदतात. विषुववृत्त ही छेदिका मानली, तर संगत कोन ९०° आणि ९०°, समान. तरीही ती रेखावृत्ते उत्तर ध्रुवावर मिळतात आणि दक्षिण ध्रुवावरही. वरच्या उलट नियमाच्या सिद्धतेत ‘दोन रेषा दोन बिंदूंत छेदू शकत नाहीत’ हा आधार होता. गोलावर नेमका तोच राहत नाही. फुलीचा नियम मात्र तिथेही टिकतो. दोन महावर्तुळे छेदतात तिथे समोरासमोरचे कोन समानच असतात.

नेहमी होणाऱ्या चुका

- समांतर आहेत असे गृहीत धरणे. रेषा समांतर दिसतात म्हणून संगत कोन समान लिहिले जातात. समांतर असल्याचे दिलेले किंवा सिद्ध केलेले नसेल, तर हा नियम वापरता येत नाही.
- पूरक म्हणजे रेषीय जोडी असे मानणे. रेषीय जोडीतील कोन पूरक असतातच, पण सगळे पूरक कोन रेषीय जोडीत नसतात.
- आंतरकोन समान मानणे. त्यांची बेरीज १८०° असते. छेदिका काटकोनात असेल तेव्हाच ते समान होतात.
- समोर दिसले म्हणजे विरुद्ध कोन. चारही भुजा मिळून दोनच सरळ रेषा होत असतील, तरच ते विरुद्ध कोन. शिरोबिंदूपाशी रेषा मोडली असेल, तर नियम लागू नाही.

एक उदाहरण

दोन समांतर रेषांना एक छेदिका छेदते. छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन (३क्ष + १०)° आणि (२क्ष + २०)° आहेत. सर्व कोन काढायचे आहेत.

आंतरकोनांची बेरीज १८०°, म्हणून ५क्ष + ३० = १८०. यावरून ५क्ष = १५० आणि क्ष = ३०. एक कोन १००° आणि दुसरा ८०°. उरलेले सहा कोन विरुद्ध आणि रेषीय जोडीच्या नियमांनी लगेच मिळतात. एकूण चार कोन १००° चे, चार ८०° चे. पडताळ्यासाठी एका छेदनबिंदूभोवतीचे चार कोन मिळवावेत. १००, ८०, १०० आणि ८० मिळून ३६०° होतात. ही बेरीज जुळली नाही, तर चूक आकडेमोडीत असते.